धाकटीची खुंटी

ताडपत्रीच्या कारखान्यात त्याला सगळे ताण्या म्हणत. ट्रकवर टाकायचं कापड फरशीवर पसरलं की समोरचं टोक धरणाऱ्याला तो एकच शब्द सांगायचा, ताण. समोरच्याने ताणलं की पुन्हा म्हणायचा, ताण. तिसऱ्यांदा म्हणायची वेळ आली तर टोक त्याच्या हातातून काढून घ्यायचा आणि दिवसभर त्याच्याशी बोलायचा नाही. नाव तिथून पडलं. ते त्याला आवडत नव्हतं, पण दुसऱ्या कुठल्या नावाने हाक मारली तर तो वळूनही बघत नसे.

माणूस रागीट. पण राग आरडाओरड्याचा नव्हता. आधी कान लाल व्हायचे, मग ओठ आत जायचे, आणि मग तो गप्प बसायचा. ते गप्प बसणं शिवीपेक्षा झोंबायचं. सैल गाठ दिसली की त्याच्या कपाळाला आठी पडे, आणि गाठ मारणारा वर "चालतंय की" म्हणाला तर त्याचा तो दिवस वाया गेला म्हणून समजायचं.

कारखाना म्हणजे पत्र्याची लांब शेड. मशीनी होत्या, पण कोपरे आणि पितळी कड्या हातानेच शिवाव्या लागत. तळहाताला चामड्याचा पट्टा, त्यात बसवलेली धातूची चकती. चकतीने सुई रेटायची आणि पलीकडून ओढून घ्यायची. दोरा मेणातून काढलेला. संध्याकाळी बोटं सरळ होत नसत. गरम पाण्याच्या भांड्याला धरून ती सरळ करावी लागत. शेडचा एक नियम होता. ज्याने शिवण सुरू केली त्यानेच ती संपवायची. मध्ये जेवायला जा, ताप येऊन घरी पड, तुझी शिवण तुझी वाट बघत राहील. कारण साधं होतं. प्रत्येकाच्या हाताची ओढ वेगळी. एकाची शिवण दुसऱ्याने पुढे नेली की जोडावर चूण पडते, आणि पाणी नेमकं चुणीतून शिरतं.

नियम शेडमध्ये बरोबर होता. ताण्याने तो घरी आणला.

घर म्हणजे लेथच्या दुकानावरच्या दोन खोल्या. खाली लोखंड कातलं जायचं तेव्हा वर कपबशा वाजत. लेथवाला रविवारीसुद्धा थांबत नसे, उलट उधारीवरची कामं तो रविवारीच काढायचा. ताण्याची बायको इस्पितळाच्या धुलाईघरात होती. मोठ्या यंत्रातून गरम चादरी निघायच्या, त्या दोघींनी टोकं धरून घडी घालायच्या. उभं राहून. आठवडाभर हे केल्यावर एक रविवार मिळायचा, त्यात शेजारीण मीठ मागायला यायची, पोरांची भांडणं व्हायची, आणि खालून लेथ किंचाळत असायची. एका रविवारी ताण्या आत आला तर बायको फळीला टेकून उभी होती. हातात झाकण, डोळे मिटलेले. ती उभ्याउभ्या झोपली होती. त्याने झाकण हळूच काढून घेतलं, तर ती दचकून म्हणाली, "झालंच, झालंच."

 दुसऱ्या दिवशी त्याने मालकाकडे ट्रकचं एक नाकारलेलं कापड मागितलं. मधोमध डाग होता म्हणून गिऱ्हाइकाने परत केलेलं. जेवणाच्या सुट्टीत, सगळे डबे उघडत असताना, तो कोपऱ्यात बसून त्याचा तंबू शिवू लागला.

तंबू साधा होता. दोन खांब, वरून कापड, दोन्ही बाजूंना उतार. खांबांना पुढून आणि मागून एकेक दोर, आणि चार कोपऱ्यांना चार दोर. आत एका माणसाला ऐसपैस आडवं होता येईल एवढी जागा. बाकीच्यांनी बाहेर बसायचं.

बसच्या शेवटच्या थांब्यापलीकडे पाणीपुरवठ्याचा तलाव होता. बांधावरून थोडं चाललं की गवताचा एक तुकडा लागायचा, चार-दोन झाडं, आणि पुढे सपाट पाणी. तिकीट नाही, फाटक नाही, विचारणारं कोणी नाही. गावातली आणखी काही कुटुंबं तिथे यायची. पोरं पाण्यावर चपट्या दगडांच्या भाकऱ्या थापायची, बाप्ये पत्ते कुटायचे. कुठेतरी जाऊन आलो असं वाटायला तेवढं पुरत असे. ताण्या तंबू खांद्यावर घ्यायचा, थोरला खांब घ्यायचा, धाकटी दोरांचं भेंडोळं गळ्यात घालायची. बायकोने काही उचलायचं नाही. डबासुद्धा नाही. हा दुसरा नियम.

आणि खुंट्या. चार कोपऱ्यांच्या चार खुंट्या चौघांच्या. एक ताण्याची, एक थोरल्याची, एक धाकटीची, आणि चौथी मामाची. मामा म्हणजे बायकोचा भाऊ. तो एका गोदामावर पहारेकरी होता, आणि आठवडाभर ज्याच्याशी बोलायला कोणी नसतं त्याच्या तोंडाचा पट्टा रविवारी कसा सुटतो, ते त्याला बघून कळायचं. ज्याची खुंटी त्याने ठोकायची, ज्याची त्यानेच काढायची, दुसऱ्याने हात लावायचा नाही. मामा दोन घाव घालायचा आणि हातोडा टेकून म्हणायचा, "दाजी, ही जमीन मागच्या रविवारी एवढी कडक नव्हती हं."

"जमीन तीच आहे. तू मागच्या रविवारीपण दोनच घाव घातले होतेस."

"पण उभा राहिला ना तंबू?"

"बाकीच्या तीन कोपऱ्यांवर उभा राहिला."

"बघा, म्हणजे चौथ्याची गरजच नाही. उगाच त्या खुंटीला कशाला त्रास?"

बायको तंबूत शिरेपर्यंत हे चालायचं. ती शिरली की ताण्या ओठांवर बोट ठेवायचा. मग पत्ते हळू पडायचे, मामासुद्धा कुजबुजायचा. सूर्य झाडांच्या मागे जाईपर्यंत ती झोपायची. झोपेतून उठून बाहेर यायची तेव्हा गालावर चटईची नक्षी उमटलेली असायची, आणि ती विचारायची, "चहा उरलाय का?" तिच्या तोंडून असं स्वतःसाठी काही मागितलेलं ताण्याला आठवड्यात फक्त तेव्हाच ऐकू यायचं.

त्याच्यासाठी रविवार म्हणजे हे होतं. त्याने हे कधी कोणाला सांगितलं नाही. सांगायला हवं होतं. पोरांना वाटायचं, बापाला तंबू आवडतो.

पोरं मोठी झाली. थोरला गॅरेजमध्ये लागला, तोंडाने मिळमिळीत, हाताने चोख. धाकटी मोठ्या दुकानात गल्ल्यावर बसू लागली. बसू म्हणायचं ते बोलण्यापुरतं. दुकानाच्या मालकाला बसलेली मुलगी आळशी वाटायची, म्हणून गल्ल्यामागे खुर्चीच नव्हती. दिवसभर उभी. तिलाही आठवड्यात एकच सुट्टी. स्वभाव बापाचा. कान लाल होण्यापर्यंत बापाचा.

एका रविवारी तिने दुकानातली मैत्रीण बरोबर आणली. धाकटीने खुंटी ठोकली, दोर अडकवला, आणि मैत्रिणीला पाणी दाखवायला निघाली. ताण्याने दोराला बोट लावून पाहिलं.

"परत ठोक. उभी ठोकलीस. तंबूकडे पाठ करून कलली पाहिजे."

तिने उपटून परत ठोकली.

"अजून कलती."

तिने परत ठोकली. मैत्रीण बाजूला उभी राहून नखं बघत होती.

"वर राहिली. अजून दोन घाव."

"बाबा, राहील तशी."

"राहील तशी म्हणजे कशी?"

"चालतंय की!" ती म्हणाली.

घरातल्या कोणी हा शब्द उच्चारला नव्हता. मामानेही नाही. ताण्याने वाकून तिची खुंटी हाताने हलवली, उपटली, आणि तिच्या पायाशी टाकली. "जमत नसेल तर तसं सांग. हात आहेत ना? का गल्ल्यावर नुसत्या पिशव्या भरून गळून गेले?"

मैत्रिणीसमोर. धाकटीने हातोडा असा भिरकावला की तो शेजारच्या कुटुंबाच्या थर्मासजवळ जाऊन पडला. "मी सुट्टीवर आलेय, पाळीवर नाही! सहा दिवस एक मालक डोक्यावर असतो, सातव्या दिवशी दुसरा. पहिल्याला निदान मी बाबा म्हणत नाही."

"मग येऊ नकोस."

"नाहीच येणार. आणि तुमच्या ह्या खुंटीला परत हात लावला तर सांगा."

"लावू नको. तुझी खुंटी कोणी ठोकणार नाही. तशीच राहील."

शब्दाने शब्द वाढला आणि दोघांनीही तो पाळला. इथे शहाणपण दोघांनाही सुचलं नाही, कारण दोघांच्या डोक्यात तेच मेण आणि तोच दोरा. धाकटी मैत्रिणीला घेऊन गेली. आणि त्या दिवसापासून तंबू तीन कोपऱ्यांवर उभा राहू लागला.

तंबूचं शास्त्र मोठं नाही. तीन कोपरे घट्ट आणि चौथा मोकळा असला की वारा त्या मोकळ्या कोपऱ्यातून आत शिरतो, कापड फुगतं आणि फटाक्क करून परत आपटतं. पुन्हा फुगतं, पुन्हा आपटतं. आत झोपलेल्या माणसाच्या कानापाशी कोणी ओला टॉवेल झटकत राहावा तसं. पहिल्या रविवारी थोरला हातोडा घेऊन उठला.

"बस खाली," ताण्या म्हणाला. "तुझी नाही ती."

"बाबा, आईला झोप लागत नाहीये."

"ज्याची आहे त्याने यावं."

पुढच्या रविवारी मामाने हळूच एक दगड आणून दोराच्या टोकावर ठेवला. ताण्याने पायाने तो बाजूला सारला. मामा म्हणाला, "दाजी, दगडाला तरी नातं नसतं ना? तो कोणाचाच नाही." ताण्याने नुसतं बघितलं. मामा पत्ते पिसायला लागला.

बायको आत आडवी व्हायची, डोळे उघडे ठेवून. कापड आपटलं की पापणी लवायची. मग ती उठून बाहेर येऊन बसायची. म्हणायची, "आज झोपच नाही आली बाई." ती कोणाचं नाव घेत नव्हती. ताण्याला ते कळत होतं आणि त्याने त्याचा राग आणखी वाढत होता. पोरीने आईची झोप घालवली, हे तो मनात घोळवायचा. आपण घालवली, हे मनाच्या दारापर्यंत यायचं आणि तो दार लावून घ्यायचा. घरी बाप-लेकीचा अबोला. धाकटी रविवारी उशिरापर्यंत अंथरुणात पडून राहायची, म्हणजे प्रयत्न करायची. खाली लेथ चालूच असायची. हे सगळे तलावावरून परत यायचे तेव्हा गेलेल्यांचे आणि घरी राहिलेलीचे, सगळ्यांचेच डोळे लाल.

थोरला एकदा म्हणाला, "बाबा, पुढच्या रविवारी मी नाही येत. गॅरेजवाले सगळे पोहायला चाललेत." मामाला अचानक रविवारचा पहारा लागला. बायको म्हणाली, "अहो, आपण दोघंच कशाला जायचं? घरीच बसू." ताण्या तंबूची घडी घालत होता. त्याचे हात थांबले. त्याने मान वर केली नाही. पण त्याला दिसलं, की हे आता सुटतंय. इतक्या वर्षांचा रविवार एका कोपऱ्यातून सुटत चाललाय.

"जायचं," तो म्हणाला. "सगळ्यांनी जायचं. एक रविवार."

तो आवाज हुकमाचाच होता, पण त्यात काहीतरी असावं. थोरला आला. मामालाही अचानक पहाऱ्यातून सुट्टी मिळाली. धाकटीला कोणी विचारलं नव्हतं.

ती आली. आपली आपण, मागच्या बसने. हे लोक तीन कोपरे ताणून बसले होते, आणि बांधावरून ती येताना दिसली, काखेत एक चपटी गोल पिशवी. बापाकडे न बघता ती सरळ आईसमोर जाऊन उभी राहिली. "आई, हा तुझा. माझ्या पैशांचा आहे. ह्याला खुंटी लागत नाही, हातोडा लागत नाही, आणि कोणाचं बोलणं खावं लागत नाही."

तिने पिशवीची चेन उघडली, आतलं भेंडोळं बाहेर काढलं आणि हवेत फेकलं. भेंडोळ्याने हवेतच अंग झाडलं आणि खाली पडलं ते तंबू होऊनच. निळा, गुबगुबीत, चकचकीत. शेजारच्या कुटुंबातल्या बाईने टाळ्या वाजवल्या. मामा टाचा उंचावून बघत म्हणाला, "अगं बाई! हा तर माझ्यापेक्षा लवकर उठतो."

ताण्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तो उठला, निळ्या तंबूपाशी गेला, वाकला, आणि शिवणीवरून अंगठा फिरवला. टाके लांब, दोरा नायलॉनचा, जोडावर नुसती एकेरी शिवण. फेकला की उभा! ज्याला उभं करायला कोणाच्या कपाळावर घाम आला नाही, तो उभा राहतो म्हणजे काय करतो? त्याला वाटलं कोणीतरी भर बाजारात त्याच्या तोंडात मारली.

"कापड आहे का पापुद्रा?" तो म्हणाला. लेकीशी नाही, तंबूशी.

"पापुद्रा फडफडत नाही," धाकटी म्हणाली. तीही तंबूशीच.

"वारा आलेला नाही अजून."

"आला तर बघू. तुमच्या तंबूत आई झोपली का इतक्यात? विचारा तिला. एकदा तरी विचारा."

"तुझी खुंटी असती तर झोपली असती!"

"तुमचं तोंड नसतं तर खुंटी असती!"

आता दोघंही आईकडे बघत होते. थोरला आणि मामाही. बायको बिचारी दोन तंबूंच्या मध्ये उभी, हातात चटई. तिने चटई निळ्या तंबूत टाकली आणि आत शिरली. ताण्याने पाठ फिरवली. धाकटीने नाक वर केलं.

थोड्याच वेळात निळ्या तंबूतून आईचं डोकं बाहेर आलं. चेहरा घामाने निथळत होता. "अगं, आत भट्टी आहे. आमच्या यंत्रातून चादरी निघतात तशी निघाले मी." आणि तिने चटई ओढून बाहेर घेतली.

ताण्या हसला नाही. पण त्याचे खांदे हसले, आणि धाकटीने ते पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. रागाचं पाणी. तिने ते पैसे कसे साठवले होते, कुठल्या बुटांवर पाणी सोडलं होतं, ते कोणी विचारलं नव्हतं.

आणि मग वारा आला. दुपारचा वारा तलावावरून येतो तेव्हा आधी पाणी काळं होतं, मग गवत वाकतं. निळा तंबू रिकामाच होता. तो एकदा उचलला गेला, परत टेकला, विचार केल्यासारखा थांबला, आणि मग गोल गोल लोळत पाण्याच्या दिशेने निघाला. धाकटी किंचाळत मागे. थोरला बूट काढायच्या भानगडीत न पडता सरळ पाण्यात. मामा काठावर उभा राहून ओरडत होता, "डावीकडून धर, डावीकडून! अरे, तुझ्या डावीकडून! तो बघ, तो पोहतोय आणि तू बुडतोयस!"

ताण्या आता मात्र हसला. मोठ्याने. खदाखदा. थोरल्याने छातीभर पाण्यातून तंबू ओढत आणला, तो चिखलाने माखलेला, आतली एक तारेची कांब मोडलेली, आणि धाकटी ते ओलं कापड उराशी धरून बापासमोर आली.

"हसा. हसा ना! आईसाठी आणला होता. आणि तुम्ही हसताय."

"खुंटी लागत नाही म्हणत होतीस ना?"

ते वाक्य पुरं होईपर्यंत मागे मोठा आवाज झाला. ताण्याच्या तंबूचा मोकळा कोपरा वाऱ्याने वर फेकला होता, खांब तिरका झाला होता, आणि थोरल्याची खुंटी अर्धी वर आली होती. इतक्या वर्षांत तो तंबू कधी असा उखडला नव्हता. ताण्याचं हसू जागीच थिजलं.

तेव्हा बायको बोलली. तिचा चढलेला आवाज त्या बांधावर कोणी ऐकला नव्हता. शेजारच्या पत्तेवाल्यांचे हात वरच्यावर थांबले.

"बास! दोघंही गप्प बसा. मला वाटलं होतं, मला कोणी विचारेल. तुला माझ्यासाठी तंबू आणायचाय, ह्यांना माझ्यासाठी तंबू उभा करायचाय. माझ्यासाठी, माझ्यासाठी! आणि मी कुठेय? मी चटई घेऊन उभी आहे! सहा दिवस दुसऱ्यांच्या चादरी घडी करते. दिवसभर चादरी बघते हो मी, हजार चादरी, आणि एकीवरही पडता येत नाही. इथे येते ती एवढ्यासाठी. पाणी बघायला नाही, हवा खायला नाही. झोपायला! ती झोप तुम्ही दोघांनी वाटून खाल्लीत. अर्धी ह्यांनी, अर्धी तू. एकाला खुंटी ठोकू द्यायची नाही, दुसरीला ठोकायची नाही. आता मी ह्याच तंबूत झोपणार आहे. कापड अंगावर पडलं तर पडू दे. वाऱ्याने नेलं तर माझ्यासकट नेऊ दे. पण मला जो उठवेल ना, मग तो कोणी का असेना, त्याच्या घरात मी पुन्हा पाऊल ठेवणार नाही."

आणि ती आत गेली. चटई टाकली, कुशीवर वळली, हात गालाखाली घेतला.

कोणी हललं नाही. वाऱ्याने मोकळा कोपरा पुन्हा उचलला. तो आपटणार, तेवढ्यात ताण्याने झेप घेऊन दोर हवेतच पकडला. वाऱ्याने त्याला दोन पावलं ओढलं. म्हातारपण हातात नसलं तरी पायांत आलं होतं. तो घसरला, आणि त्याच दोरावर त्याच्या हातापुढे आणखी दोन हात पडले. धाकटीचे. ओला तंबू तिने कुठेतरी टाकून दिला होता.

दोघांनी दोर ताणला. कोपरा खाली आला. कापड सपाट झालं. आवाज बंद झाला.

आतून घोरणं ऐकू आलं. एवढ्या लवकर माणूस झोपतो ह्यावर कोणाचा विश्वास बसला नसता. ज्याने आठवडाभर उभं राहून काम केलंय, त्याचा बसेल.

थोरल्याने गुडघ्यावर बसून आपली खुंटी तळहाताने, अंगाचा भार टाकून, बिनआवाज आत दाबली. मामा हातोडा आणि धाकटीची खुंटी घेऊन पुढे आला आणि नेहमीच्या आवाजात म्हणाला, "चला, आता ठोकून टाका कोणीतरी, म्हणजे..." बाप आणि लेक दोघांनी एकदम त्याच्याकडे असं बघितलं की तो हातोडा पाठीमागे लपवून उलट्या पावलांनी निघून गेला. ठोकायचं कसं? एका घावाला ती जागी झाली असती. आणि दाबून बसवावी, तर दोर सोडायचा कोणी?

म्हणून दोघं तिथेच बसली. गवतात, पाय रोवून, एका दोरावर चार हात. शेजारच्या बाईने जाता जाता विचारलं, "काय हो, काही हरवलंय का?" दोघांनी एकदम मान हलवली.

"ढिला सोडू नकोस," ताण्या ओठांतल्या ओठांत म्हणाला.

"मी नाही सोडत. तुम्ही झटके देताय."

"झटका वारा देतोय. तू वाऱ्याबरोबर जातेस. त्याच्या आधी ताणायचं असतं."

"सुट्टीच्या दिवशीसुद्धा शिकवा."

"मैत्रिणीसमोर बोललो ते..." तो थांबला. वारा आला, दोघांनी ताणलं, वारा गेला. ते वाक्य त्याने पुरं केलं नाही.

"ते काय?" धाकटीने दात-ओठ खात विचारलं. "पुढे बोला की."

"हळू. उठेल ती."

"नेमकं तेव्हाच उठेल, नाही का?"

त्याचे कान लाल झाले. तिचेही.  दोर तिच्या बोटांना काचत होता. गल्ल्यावरची बोटं, त्यांना सवय नव्हती. त्याने ते पाहिलं आणि आपला हात तिच्या हातापुढे सरकवला, म्हणजे ओढ आधी त्याच्यावर यावी.

"सरका मागे. माझ्या वाट्याचं मी धरेन," ती म्हणाली.

"धर. कोणी अडवलंय?"

तिने हात त्याच्याही पुढे नेला. त्याने पुन्हा पुढे नेला. असं करत करत दोघंही जवळजवळ कोपऱ्याच्या पितळी कडीपर्यंत पोचली. तिथून आतलं दिसत होतं. आईचं तोंड किंचित उघडं होतं, पायाचा एक अंगठा झोपेत हलत होता.

"तुझा तो निळा," तो अगदी हळू म्हणाला, "त्याला कड्या लावून देतो. मग खुंटी लागेल त्याला."

"काही नकोय. हात लावायचा नाही त्याला."

"एकेरी शिवण आहे. दुसऱ्या वाऱ्यात फाटेल."

"फाटू दे. माझा आहे."

"पुढच्या रविवारी खुंटी ठोकणार आहेस?"

"नाही."

"मीपण दुसऱ्या कोणाला ठोकू देणार नाही."

"मग काय, धरून बसणार?"

"बसेन. तू?"

"तुम्ही बसलात तर मला काय झालंय?"

"दुपारभर?"

"बघू, कोणाचा हात आधी सुटतो ते," धाकटी म्हणाली, आणि वारा यायच्या आधीच तिने दोर ताणला.